डाव्या हाताचं कुंपण

फेब्रुवारीतली वादळं इथे नाव लावून येतात.
या वेळचं नाव रेडिओवर दोनदा ऐकलं, विसरलो.
पहाटे साडेतीनला पहिलं पॅनल गेलं:
आधी कण्हल्यासारखं, मग खिळ्यांची करकर,
मग धप्प.
उज्ज्वला झोपेतच म्हणाली, आपलं की तिचं?

अकरा वर्षं हेच तर विचारत आलो होतो.
फ्लीटवुडमध्ये आम्हाला सांगितलं होतं, डाव्या हाताचं कुंपण आपलं.
पण डावा हात कुठे तोंड करून?
रस्त्यावरून घराकडे बघितलं तर ते विनिफ्रेडचं,
मागच्या दारात उभं राहिलं तर माझं.
मी कायम रस्त्यावरून बघत आलो,
ती कायम मागच्या दारातून.
त्यामुळे रंग कुणीच दिला नाही.

सकाळी सहापैकी चार आडवी.
एक तिच्या रूबार्बवर,
एक आमच्या पालथ्या कुंड्यांवर,
एक कुणाच्या तरी व्हॅनखाली,
आणि एक सापडलंच नाही. समुद्राने नेलं असेल,
किंवा तेवीस नंबरवाल्याने.

विनिफ्रेड गाउनवर नवऱ्याचा रेनकोट घालून उभी.
मी मफलरमध्ये, पायात उज्ज्वलाच्या चपला.
मध्ये काही नाही.
तिला अशी पुरती कधी पाहिलीच नव्हती;
अकरा वर्षं ती मला कपाळ आणि डोळे एवढीच,
आणि दोरीवरचे कपडे काढणारे दोन हात.
तिने चहाचं विचारलं.
मी म्हटलं, आधी कुंपणाचं बघू.
असं का म्हटलं कोण जाणे.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
आज कुंपण नव्हतं, तरी सरडा तिथेच थांबला.

मग उकिडवा बसून खांब पाहिले.
वरचं लाकूड ठणठणीत. मातीतलंही ठणठणीत,
उपटलं तर डांबराचा वास अजून शाबूत.
कुजलं होतं फक्त मधलं चार बोटं,
जिथे जमीन संपते आणि हवा सुरू होते.
नखाने दाबलं तर ओल्या केकसारखं आत गेलं.
वारा नुसता निमित्ताला धनी;
ऑक्टोबरपासून पाणी तिथे मुक्कामाला होतं,
आणि त्याआधीच्या ऑक्टोबरपासून.

"क्लिफर्डने रोवलेत," विनिफ्रेड म्हणाली,
"सत्त्याऐंशी साली. म्हणाला होता, आपल्यामागेही टिकतील."
मग हसली. "त्याच्यामागे टिकले की."

म्हणजे कुंपण तिचं.
अकरा वर्षांचा निकाल तिनेच असा
रेनकोटच्या खिशात हात घालून देऊन टाकला,
आणि मला जिंकल्यासारखं काहीच वाटेना.

मंगळवारी गार्थ आला, टेप घेऊन.
म्हणाला, सलग फळ्या नकोत.
सलग कुंपण म्हणजे शीड,
फक्त होडी जागची हलत नाही, म्हणून मोडतं.
एक फळी इकडून ठोकायची, एक तिकडून,
मध्ये फट ठेवायची, वारा गाळून जातो.
विनिफ्रेडने विचारलं, फटीतून दिसतं का?
समोरून नाही, तो म्हणाला. तिरकं बघितलं तर.

पैसे निम्मे निम्मे.
ती दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा घेतले.
पण निम्मं गाव आडवं पडलंय,
एप्रिलच्या आत जमणार नाही, म्हणतो.

तोवर तिचा कुत्रा आमच्या हिरवळीवर येऊन बसतो.
त्याला नाव आहे, मॉसी. मला आत्ता कळलं.
मी उरलेली दोन पॅनल सुतळीने बांधली,
तर पलीकडून ती: इतकं आवळू नका, जरा हलू द्या.

काल रात्री पुन्हा सुटला, पश्चिमेचाच.
तिच्या स्वयंपाकघरातला दिवा थेट आमच्या टेबलावर.
उज्ज्वला म्हणाली, पडदे ओढू?
म्हटलं, तिचे ओढलेत का बघ आधी.